जग बुडालं आणि हे कॅसिनोत: सायफाय रिमेकवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अंतराळातल्या अमेरिकन मालिकेचा नवा अवतार जुन्यापेक्षा कितीतरी सरस आहे. बास. मेलबॉक्स भरला, त्यात निम्म्या शिव्या. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न (टीव्ही कुठला घ्यावा वगैरे) बाजूला ठेवलेत आणि सगळी जागा या एकाच भांडणाला दिलीय.

प्रश्न : तुम्ही जुनी गॅलॅक्टिका पाहिलीय तरी का? मी ७८ साली अमेरिकेत शिकायला होतो, होस्टेलच्या कॉमन रूममध्ये रविवारी रात्री आम्ही वीस-पंचवीस पोरं टीव्हीसमोर दाटीवाटीने बसायचो. काय ती जहाजं, काय तो कमांडर ॲडमा झालेल्या लॉर्न ग्रीनचा आवाज! नव्या मालिकेत नुसता अंधार, रडके चेहरे आणि सारखा हलणारा कॅमेरा. त्यात कसली आलीय मजा?
— कोथरूडचा जुना प्रेक्षक

काका, पाहिलीय हो, सगळे २४ भाग पाहिलेत, आणि त्यानंतर आलेली ती 'गॅलॅक्टिका १९८०' नावाची भानगडसुद्धा पाहिलीय, जी तुम्ही स्वतः पण विसरून गेला असाल तर बरंच आहे. जुन्या मालिकेवर माझं प्रेम आहे, आधी ते सांगतो. स्टार वॉर्स येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, त्याचे इफेक्ट्स करणारा जॉन डायक्स्ट्रा मालिकावाल्यांनी गाठला, एबीसी चॅनेलने टीव्हीच्या मानाने अचाट पैसा ओतला (एका भागाला दहा लाख डॉलरच्या आसपास असं म्हणतात) आणि १७ सप्टेंबर १९७८ ला तीन तासांचा पहिला भाग दाखवला. त्यातही त्याच रात्री इजिप्त-इस्रायलच्या कॅम्प डेव्हिड कराराची घोषणा आली आणि मालिका मध्येच थांबवून ती दाखवली, तुम्हाला आठवत असेल. सायलॉनचा (म्हणजे माणसाच्या मुळावर उठलेल्या यंत्रांचा) तो इकडून तिकडे सरकणारा लाल डोळा तर आमच्या पिढीने नंतर नाइट रायडरच्या गाडीच्या नाकावर पाहिला, कारण दोन्ही मालिका निर्माता ग्लेन लार्सनच्याच.

पण आता तुम्हीच गोष्ट आठवून बघा. माणसाच्या बारा वसाहती एका रात्रीत बेचिराख झाल्यात, अब्जावधी माणसं मेलीत, उरलेली मूठभर मिळेल त्या जहाजात बसून पळतायत, मागे सायलॉन लागलेत. आणि पहिला भाग संपायच्या आत ही मंडळी एका ग्रहावर कॅसिनोत पोचतात!! फुकट जेवण, जुगार, नाचगाणी. म्हणजे घरात सुतक आणि हे लग्नाच्या पंगतीला. लढाऊ वैमानिक स्टारबक सिगार ओढत पोरींशी गुलुगुलु बोलतोय. एका पोराचा कुत्रा मेला म्हणून त्याला यंत्राचा कुत्रा करून देतात, त्या कुत्र्याच्या पोशाखात एक चिंपांझी होता बिचारा, आणि त्या कुत्र्याचं दुःख बारा वसाहतींच्या दुःखापेक्षा जास्त वेळ चालतं.

याचा दोष मी लिहिणाऱ्यांना देत नाही. रविवारी रात्री आठला आख्खं घर बसून बघणार, एक भाग चुकला तरी पुढच्या आठवड्यात प्रेक्षकाला कळलं पाहिजे, म्हणजे दर भागाच्या शेवटी सगळं परत जागच्या जागी. अशा चौकटीत तुम्ही दुःख किती दाखवणार? शिवाय ती महागडी विमानं उडतानाचे शॉट थोडेच, त्यामुळे तेच ते परत परत. दहाव्या भागापर्यंत कुठलं विमान कुठून येऊन फुटणार हे पाठ होतं.

नवी मालिका डिसेंबर २००३ मध्ये आधी दोन रात्रींची म्हणून आली, मग २००४ ते २००९ चार सीझन. ती नव्याने रचणाऱ्या रोनाल्ड मूरने केलं काय, तर जुन्या मालिकेने जो प्रश्न उभा करून स्वतःच टाळला तोच धरून ठेवला. खरंच असं झालं तर? पन्नासेक हजार माणसं उरलीत, पाणी कुठून आणणार, इंधन किती दिवस, निवडणूक घ्यायची का लष्कराने चालवायचं? सुरुवातीच्या टायटल्समध्ये जिवंत माणसांचा आकडा येतो आणि तो बदलत राहतो, एवढी साधी गोष्ट, पण मी प्रत्येक वेळी मागचा आकडा आठवून वजाबाकी करायचो. राष्ट्राध्यक्ष कोण होते तर शिक्षणमंत्री, वारसांच्या यादीत ४३ व्या नंबरवर असलेली बाई, कारण वरचे ४२ मेले. आणि त्याच दिवशी सकाळी तिला कॅन्सर असल्याचं कळलेलं असतं.

'३३' नावाचा भाग बघाच काका. सायलॉन दर ३३ मिनिटांनी येतात. पाच दिवस कुणी झोपलेलं नाही. हल्ला, क्षणात अंतराळात दूर उडी मारून पळ, ३३ मिनिटं, परत हल्ला. लढाई अशी फार दाखवतच नाहीत, दिसतात ती दाढी वाढलेली, डोळे सुजलेली, एकमेकांवर खेकसणारी माणसं. तुम्ही ज्यांना रडके चेहरे म्हणता ना, ते हेच. पाच रात्री न झोपता तुम्ही-आम्ही कसे दिसू?

जहाज सुद्धा बघा. जुन्यात गॅलॅक्टिका म्हणजे ताफ्यातलं शानदार जहाज. नव्यात ती भंगारात निघालेली, म्युझियम होऊ घातलेली म्हातारी, वायरचे फोन, आणि तिचा कमांडर ॲडमा इतका जुन्या वळणाचा की कॉम्प्युटर एकमेकांना जोडूच देत नाही. त्या हट्टामुळेच ती वाचते, कारण बाकीची अत्याधुनिक जहाजं सायलॉनने नेटवर्कमधून शिरून बंद पाडली. आमच्या ऑफिसात सर्व्हर बसला की मला हमखास ॲडमाच आठवतो.

तरी तुमचं एक बरोबर आहे, नव्या मालिकेला हसता येत नाही. चार सीझनमध्ये मोकळं हसण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके, आणि शेवटचा भाग तर माझ्या मते साफ फसलाय, इतकी वर्षं माणसाच्या निर्णयांची गोष्ट सांगितली आणि शेवटी सगळं देवावर ढकललं. लॉर्न ग्रीनचा आवाजही नव्यात नाही हे मान्य. पण नवा ॲडमा, एडवर्ड जेम्स ओल्मोसला एकदा चष्मा काढून डोळे चोळताना बघा, मग बोलू.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की एका अमेरिकन अंतराळ मालिकेची सुरुवात गायत्री मंत्राने होते आणि नासाने म्हणे हा मंत्र शास्त्रीय असल्याचं मान्य केलंय. मामा तर रोज सकाळी तोच फॉरवर्ड टाकतात. खरं काय?
— भाचा, नाशिक रोड

अर्धं खरं आहे आणि ते अर्धं मामांना खुशाल सांग. हीच ती नवी गॅलॅक्टिका. टायटल म्युझिकमध्ये बाई गाते ते 'ॐ भूर्भुवः स्वः'च आहे, हेडफोन लावून ऐक. चाल संथ आणि उच्चार परदेशी, त्यामुळे मला स्वतःला तिसऱ्या-चौथ्या वेळी ट्यूब पेटली, आजी स्वयंपाकघरातून म्हणाली "हे काय लावलंयस रे, संध्या करतायत का?" नासाचं मात्र विसर, तो मामांच्या ग्रुपचा मालमसाला.

बाकी गोष्टीशी मंत्राचा थेट संबंध काहीच नाही. त्यातली माणसं झ्यूस-अपोलो वगैरे ग्रीक देव मानतात, म्हणजे अनेक देववाली, आणि यंत्रं मात्र एकच देव मानतात आणि त्याच्या नावाने माणसं मारतात. हे २००३-०४ मध्ये अमेरिकेत दाखवणं साधी गोष्ट नव्हती. जुन्या मालिकेत धर्म वेगळ्या वाटेने आलाय, लार्सन मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचा, त्यामुळे बाराजणांची परिषद, मूळ ग्रहाचं नाव कोबोल (मॉर्मन ग्रंथात 'कोलोब' आहे) असं बरंच काही तिकडून आलंय. आणि बारा वसाहती म्हणजे चक्क बारा राशी, कॅप्रिका मकर, टॉरॉन वृषभ, जेमेनॉन मिथुन. मामांना हे पण सांग, पत्रिका जुळवत बसतील.

प्रश्न : रिमेक करताना पुरुषाची बाई करायची ही काय फॅशन आहे? स्टारबक पुरुष होता, त्याची बाई केली. दुसरा वैमानिक बूमर, त्याची पण. 'लॉस्ट इन स्पेस'मध्ये खलनायक डॉक्टर स्मिथची बाई. उद्या शोलेतला गब्बर पण बाई कराल.
— एक त्रस्त प्रेक्षक, सोलापूर

गब्बरीण! मी तरी बघेन.

अहो, जुना स्टारबक करणारा डर्क बेनेडिक्ट पण तुमच्यासारखाच चिडला होता, त्याने त्यावर चांगला लांबलचक लेख लिहून नव्या मालिकेला झोडपलं. पण बदल नुसता लिंगाचा असता तर मी तुमच्या बाजूने आलो असतो. जुना स्टारबक म्हणजे जुगारी, बायकांच्या मागे लागणारा, हजरजबाबी, सगळ्यांचा लाडका, आणि २४ भागांत तो तसाच. केटी सॅकॉफची स्टारबक जुगारी आहे, दारू पिते, सिगार पण ओढते, वरिष्ठाला ठोसा मारून कोठडीत जाते, म्हणजे उचललं सगळं जुन्यातूनच, पण ती अशी का आहे याला कारण दिलंय, घरातलं, आईचं. जुन्या स्टारबकला कारण लागत नव्हतं कारण देखण्या पुरुषाने असं वागणं म्हणजे गंमतच असते असं ७८ साली सगळ्यांनीच धरलेलं. तेच बाई वागली की आपण विचारतो, हिला झालंय काय? मूरने आपला हा दुटप्पीपणा बरोबर हेरला. बूमरचं तर विचारू नका, ती स्वतः सायलॉन आहे हे तिला स्वतःलाच माहीत नसतं.

मला या सगळ्यात आवडतो तो रिचर्ड हॅच, जुन्या गॅलॅक्टिकाचा हिरो, वैमानिक अपोलो. या माणसाने पदरचे पैसे घालून १९९९ मध्ये जुन्या मालिकेचा पुढचा भाग यावा म्हणून ट्रेलर बनवला होता, गावोगावच्या मेळाव्यांत दाखवत फिरला. मग कळलं की मालिका येणार पण याची नाही, सगळं नव्याने. आधी जाम विरोध केला त्याने. आणि मग? नव्या मालिकेत टॉम झॅरेक झाला, कैदेतून सुटलेला बंडखोर पुढारी, नव्या सत्तेच्या सारखा अंगावर येणारा. जुन्या हिरोला नव्या मालिकेत विरोधी पक्षात बसवलं! यापेक्षा चांगला मान कुणी दिला असता मला नाही वाटत.

प्रश्न : लहानपणी मामाकडे व्हिडिओ कॅसेटवर 'व्ही' पाहिली होती, त्यातली बाई गिनीपिग गिळते तो सीन अजून स्वप्नात येतो. नवीन 'व्ही' मोठ्या हौसेने लावली आणि तिसऱ्या भागाला झोप लागली. माझं वय झालं की मालिकेचंच काही चुकलं?
— गिनीपिगवाली, ठाणे

ताई, मालिकेचं चुकलं. वयाचं मनावर घेऊ नका.

केनेथ जॉन्सनची १९८३ ची 'व्ही' मुळात परग्रहवाल्यांची गोष्टच नव्हती. अमेरिकेत हुकूमशाही आली तर, अशी त्याची पटकथा होती, सिंक्लेअर लुईसच्या कादंबरीवरून सुचलेली. चॅनेलला स्टार वॉर्सनंतर अंतराळ हवं होतं म्हणून हुकूमशहांच्या जागी सरडे आले, माणसाचं कातडं पांघरलेले. पण हाडं तीच राहिली ना. त्यांचा बिल्ला स्वस्तिकच्या (नाझींच्या हो, आपल्या दारावरच्या नाही) वळणाचा, गणवेश, तरुण पोरांची भरती, आणि ज्यूंच्या जागी शास्त्रज्ञांचा छळ, कारण खरं ओळखतील तर तेच. शेजारी शेजाऱ्याची चुगली करतो. छळछावणीतून वाचलेला म्हातारा पोरांना भिंतीवर नुसतं लाल फराटे मारू नका, 'व्ही' काढा म्हणून शिकवतो, व्ही म्हणजे व्हिक्टरी, विजय. गिनीपिग तुम्हाला आठवतो, मला तो म्हातारा आठवतो.

२००९ च्या 'व्ही'मध्ये जहाजं शंभरपट भारी, त्यांची राणी झालेली मोरेना बॅकरिन तर इतकी थंड हसते की पाठीतून कळ जावी. पण पाहुणे येऊन फुकट औषधपाणी देतात, लोक भाळतात, पुढे काय? कुणाची भीती वाटायला हवी तेच ठरेना. काहीजणांनी ते ओबामांच्या आरोग्य योजनेवरची टीका म्हणून बघितलं, मला तर वाटतं लिहिणाऱ्यांचंच नक्की नव्हतं. जुन्यातली गिनीपिग गिळणारी डायना म्हणजे जेन बॅडलर दुसऱ्या सीझनला आणली, नव्या राणीची आई म्हणून, तोवर प्रेक्षक उठून गेलेले. २२ भागांत दुकान बंद, ते पण गोष्ट अर्धवट लटकवून.

म्हणजे बघा, गॅलॅक्टिकाने जुन्याची सजावट फेकली आणि प्रश्न ठेवला, 'व्ही'ने सजावट वाढवली आणि प्रश्न फेकला.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्यासोबत 'लॉस्ट इन स्पेस' बघायचीय. जुनी की नवी?
— आई, पणजी

नवी लावा, अंतराळात हरवलेल्या कुटुंबाची गोष्ट, १० + १० + ८ असे २८ भाग आहेत, सुट्टीत होतील. रोबो आणि मुलाची दोस्ती तिला आवडेल, आणि आई इथे खरीखुरी इंजिनिअर आहे, नवऱ्याला चार गोष्टी सांगणारी. १९६५ च्या मालिकेत आई नावाला शास्त्रज्ञ आणि दिवसभर अंतराळयानात स्वयंपाक आणि धुणं!

पण मग एखाद्या पावसाळी दुपारी जुन्यातला राक्षसी गाजरवाला भाग नक्की दाखवा. हो, गाजर. माणसाएवढं, बोलणारं. जुनी मालिका पहिल्या सीझनला काळीपांढरी आणि बऱ्यापैकी गंभीर होती, डॉक्टर स्मिथ खरोखरचा खलनायक होता, त्याला लवकरच मारून टाकायचा बेत होता. पण जोनाथन हॅरिस स्वतःचे संवाद स्वतःच रंगवायला लागला, भित्रा, लबाड, रोबोला वाट्टेल त्या शिव्या घालणारा, आणि सगळी मालिकाच खाऊन बसला. नव्यात पार्कर पोझी दुसऱ्याचं ओळखपत्र चोरून स्मिथ बनते, आणि ज्या खऱ्या डॉक्टर स्मिथचं ती चोरते तो कोण माहितेय? बिल मुमी, जुन्या मालिकेतला तो लहानगा विल. मुलीला आधी सांगू नका, जुनी बघून झाल्यावर सांगा.

प्रश्न : 'डॉक्टर हू' रिमेकमध्ये धरायची का? आणि कुठून सुरू करू, साठ वर्षांचं सगळं बघत बसलो तर नोकरी जाईल.
— आयटीवाला, हिंजवडी

नाही धरायची. २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ ला थांबली, २००५ ला परत आली ती त्याच गोष्टीत पुढे. डॉक्टर (काळात फिरणारा परग्रहवासी) मरता मरता चेहरा बदलतो ही जी सोय आहे ना, तिच्यामुळे यांना रिमेकची गरजच पडत नाही, नट थकला की नवीन नट आणि गोष्ट चालू. आपल्या मालिकांत सासू बदलते तेव्हा निदान हे तरी कारण द्यायला पाहिजे.

२००५ पासून सुरू कर. ४५ मिनिटांचा भाग आणि बहुतेक वेळा गोष्ट त्यातच पूर्ण. जुन्यात २५-२५ मिनिटांचे चार-सहा भाग मिळून एक गोष्ट, निम्मा वेळ सगळे बोगद्यातून पळतायत. पण पहिला भाग मात्र बघच, २५ मिनिटं फक्त. तो दिग्दर्शित केलाय वारिस हुसेनने, जन्म लखनौचा, वय तेव्हा पंचविशीच्या आत, आणि निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, ती पण तरुण पोरगी. बीबीसीतल्या म्हाताऱ्यांमध्ये हे दोघं. धुक्यातलं भंगाराचं आवार, त्यात पोलिसांचा निळा खोका, म्हणजे डॉक्टरचं यान (दिसतो करडा, काळापांढरा जमाना), नुसता गुणगुणतोय. एवढ्या कमी पैशात इतकं गूढ वातावरण नव्या भागांना पण क्वचित जमलंय.

आणि हो, साठच्या दशकातलं सगळं बघायचं म्हटलंस तरी मिळणार नाही. बीबीसीने टेपा पुसून परत वापरल्या, शंभराच्या आसपास भाग गेले. आवाज मात्र सगळ्यांचा आहे, कारण तेव्हाची पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसायची.

प्रश्न : कुठल्या मालिकेला हातच लावू नये असं वाटतं?
— सही नाही

'ट्वायलाइट झोन'. सुट्या गूढकथांची मालिका, रॉड सर्लिंगचे १५६ भाग, १९५९ ते ६४. तीनदा परत करून पाहिली, १९८५, २००२ आणि २०१९. विमानाच्या पंखावर भूत दिसणारा माणूस जुन्यात पंचवीस मिनिटांत तुम्हाला घाम फोडतो. २०१९ वाल्यांनी तोच धागा घेऊन विमान आणखी दहा हजार फूट वर नेलं (खरंच, नावातला आकडा २० हजाराचा ३० हजार केला) आणि भाग पण लांबवला. भीती काही वर गेली नाही.

प्रश्न : आणि आपला 'कॅप्टन व्योम'? मिलिंद सोमण अजून फिट आहे!
— नव्वदीतला पोरगा, चिंचवड

अरे हो की! केतन मेहतांचा, १९९८, दूरदर्शन. इफेक्ट्स आज बघवत नाहीत हे तुलाही माहितेय आणि मलाही, आणि तरी आपण दोघंही बघतो. कुणी नव्याने करणार असेल तर माझी एकच विनंती, सोमणला व्योम करू नका. त्याला पिकल्या दाढीचा कैदी करा आणि नव्या व्योमसमोर बसवा.